चाळीस इंची फळी, आठ महिन्यांनंतर

बॉडीबोर्ड, म्हणजे पोटावर झोपून लाटा घ्यायची फोमची आखूड फळी, घेताना दुकानदाराने तीन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. रंग उतरणार नाही, फळीवर विजेत्या खेळाडूची सही आहे, आणि "मॅडम, बेचाळीस इंची घ्या, मोठी बरी." रंग दोन महिन्यांत फिका पडला. सही छापील निघाली. तिसरा सल्ला ऐकला नाही, तेवढं माझं नशीब. माझी उंची पाच फूट पाच. बॉडीबोर्ड उभा धरला की टोक साधारण बेंबीशी यावं, एवढा साधा हिशेब आहे. मैत्रिणीची जास्त मोठी फळी एकदा वापरून पाहिली होती. तरंगायला झकास, पण वळवताना कपाट ढकलल्यासारखं वाटलं.

मी बावन्न वर्षांची. उभ्याने सर्फिंग शिकायला गेले आणि गुडघा घालवून बसले, म्हणून पोटावर आले. ओळखीतले पट्टीचे सर्फर याला 'पोरांचा स्पंज' म्हणून हसतात. त्यांना मी हवाईतल्या पायपोची आठवण करून देते. पोटावर झोपून लाटा घ्यायच्या त्या आखूड लाकडी फळ्या फोम जन्माला येण्याच्या कितीतरी आधीच्या.

आता फळीकडे. आतला गाभा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या फोमचा आहे, आणि तिचं निम्मं यश मी त्यालाच देते. हलका, ताठ, आणि वाकवला की पटकन सरळ होतो. मी कोमट पाण्यात उतरते. तिथे पॉलिएथिलीनचा गाभा लवकर मऊ पडतो. थंड पाण्यात मात्र उलटं. तिथे पॉलिएथिलीन हवं तेवढं लवचिक राहतं आणि ही फळी लाकडासारखी वागेल. हे दुकानात कोणी सांगत नाही, तिथे फक्त रंग दाखवतात.

गंमत म्हणजे जगातली पहिली फोमची फळी पॉलिएथिलीनचीच होती. ७ जुलै १९७१ रोजी हवाईच्या मोठ्या बेटावर टॉम मोरीने नऊ फुटी फोमचा तुकडा विजेच्या सुरीने कापला आणि मधे वर्तमानपत्राचा कागद धरून त्यावर चक्क इस्त्री फिरवली, फोम इस्त्रीला चिकटू नये म्हणून. मोरी गणित शिकलेला आणि विमान कंपनीत काम केलेला माणूस. घरगुती अवजारांनी पुढचं खेळाचं साहित्य घडवण्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. नाव ठेवलं बूगी, बूगी-वूगी संगीतावरून. २०२१ मध्ये तो गेला तेव्हा मी ही फळी घेतलेलीही नव्हती, तरी उगाच चुटपुट लागली.

माझ्या फळीचा तळ घट्ट, गुळगुळीत प्लास्टिकचा आहे. तो पाण्यावर असा सुटतो की पहिल्याच दिवशी मी लाटेच्या पुढे निघून गेले आणि मागून तिनेच मला गाठून गुंडाळलं. तळाला मागच्या बाजूला दोन उथळ चर आहेत. तिरकी लाट घेताना शेपूट घसरत नाही ती त्यांच्यामुळे. मागची कड चंद्रकोरीसारखी कापलेली, त्यामुळे कंबर आणि मांड्या नीट बसतात. लाट पोकळ होऊन आत शिरायची वेळ येते तेव्हा ही कोर पाण्याला धरून ठेवते. मी आजवर दोनदा शिरले आहे. एकदा बाहेरही आले.

हवाईतल्या पाइपलाइन या लाटेच्या उथळ प्रवाळावर याच तऱ्हेच्या फळ्या घेऊन माइक स्टुअर्ट नऊ वेळा जगज्जेता झाला. लाटेच्या कडेवरून उडून हवेतच कोलांटी आणि गिरकी एकदम घ्यायची, ही कसरत त्याच्या नावावर आहे. मी तिची चित्रफीत संथ गतीने दहा वेळा पाहिली. नक्की कुठे वळतो ते अजून कळलेलं नाही. ब्राझीलच्या गिल्येर्म तामेगाने सहा जगज्जेतेपदं मिळवली. तो लाटेशी भांडायला आल्यासारखा खेळतो, आणि मला तोच जास्त आवडतो. दक्षिण आफ्रिकेचा आंद्रे बोथा १९९८ मध्ये विशीच्या आतच जगज्जेता झाला, १९९९ मध्ये पुन्हा. बायकांची नावं फारशी घेतली जात नाहीत म्हणून मुद्दाम लिहिते: फिलिस डॅमरन हवाईतल्या वायमियाच्या अजस्र लाटांवर फोमची फळी घेऊन उतरली होती, आणि ब्राझीलची नेमारा कार्व्हाल्यो पाच वेळा जगज्जेती आहे.

फळी कुठे मार खाते? एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे ठेवून खेळायला. ही पद्धत जॅक लिंडहोमने गाजवली. त्याला 'रिपर' म्हणत. या फळीची पुढची बाजू त्यासाठी फार मऊ आहे, पाऊल रुतून बसतं. माझा गुडघा तसाही परवानगी देत नाही, पण कोणी त्या हेतूने घेणार असेल तर थांबा.

लीश, म्हणजे फळी हाताला बांधून ठेवायची दोरी, टाकाऊ. गुंडाळीची दोरी चांगली, पण फिरकीची कडी तिसऱ्या आठवड्यात गंजून अडकली. दोरीला पीळ बसत गेला आणि एका लाटेत फळी माझ्या हनुवटीवर आली. दंडाला बांधायची वेगळी घेतली, आता शांत आहे. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, सोबत मिळत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय हा खेळच नाही. पाय मारायला तेच.

तळाच्या प्लास्टिकखाली एक फुगा आला आहे, रुपयाएवढा. बंद गाडीत दुपारभर विसरले होते, दोष माझाच. वेगात फरक जाणवत नाही. सध्या मी त्यावर बोट दाबून पाहते, वाढला का म्हणून. परवापर्यंत तेवढाच होता. पाचपैकी चार तारे. लीश चांगली असती तर साडेचार दिले असते.