इन्स्टॅक्स मिनी १२ : सात फुटांच्या आतले घर टिपणारा कॅमेरा

आमच्या घरातील तीन मोबाइलमध्ये मिळून काही हजार फोटो आहेत आणि त्यांतला एकही सासूबाईंना आपल्या सवडीने पाहता येत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उजळ पडद्याकडे पाहिले की त्यांच्या डोळ्यांना पाणी येते, शिवाय बोट चुकून कुठेतरी लागते आणि समोरचा फोटो नाहीसा होतो. हातात धरता येईल, पोथीत ठेवता येईल, शेजारच्या काकूंना दाखवायला नेता येईल असा फोटो त्यांना हवा होता. म्हणून दीड वर्षापूर्वी आम्ही फुजीफिल्म कंपनीचा इन्स्टॅक्स मिनी १२ हा झटपट फोटो देणारा कॅमेरा घेतला. तेव्हापासून फिल्मची २४ पाकिटे, म्हणजे २४० फोटो, घरात, कोल्हापूरच्या रस्त्यांवर आणि आमच्या कुत्रीच्या मागे धावण्यात खर्च झाले आहेत. हे परीक्षण त्या फोटोंचा ढीग समोर ठेवून लिहीत आहे.

ज्यांनी हा प्रकार वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. इन्स्टॅक्स मिनी कॅमेऱ्यांची मालिका १९९८ मध्ये जपानमध्ये सुरू झाली आणि मिनी १२ हे तिच्यातील २०२३ चे प्रारूप आहे. प्लॅस्टिकचा गुबगुबीत देह, सेल आणि फिल्म न धरता सुमारे ३०६ ग्रॅम वजन, आत दोन पेन्सिल सेल, आणि त्या सेलवर साधारण १०० फोटो. पडदा नाही, मेमरी कार्ड नाही. भिंगाभोवतीची कडी फिरवली की कॅमेरा सुरू होतो, आणखी एक घर फिरवली की जवळचा फोटो घेण्याची सोय होते. एका पाकिटात १० फिल्म असतात. बटण दाबताच आतले रूळ फिल्मच्या कडेला बंद असलेले रसायन चेपून सर्वत्र पसरवतात, फिल्म वरच्या फटीतून बाहेर येते आणि दीडेक मिनिटात चित्र उमटते. हा फोटो एटीएम कार्डाएवढा, ८६ बाय ५४ मिलिमीटरचा असतो. त्यातले प्रत्यक्ष चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटरचे. निगेटिव्ह नसल्यामुळे प्रत्येक फोटो एकुलता एक असतो.

या कॅमेऱ्याचा सारा स्वभाव त्याच्या अंतरात आहे, आणि ते अंतर समजून घेतल्याशिवाय त्याला चांगले किंवा वाईट म्हणण्यात अर्थ नाही. त्याचा फ्लॅश २.२ मीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम सात फुटांपर्यंत पोचतो. भिंगाचे छिद्र फार लहान असल्याने कमी उजेडात त्याला फ्लॅशवरच विसंबावे लागते आणि हा फ्लॅश बंद करण्याची सोय दिलेली नाही. प्रत्येक फोटोला तो उडतोच. प्रकाशाचा नियम असा की अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो, त्यामुळे सात फुटांपलीकडची माणसे फोटोत अंधारात बुडू लागतात. दुकानात कुणी हे समजावून सांगत नाही. आम्ही पहिली दोन पाकिटे मोबाइलच्या सवयीने लांबून फोटो घेण्यात घालवली. मग एक दिवस मी स्वयंपाकघरात पावलांनी अंतर मोजले. ओट्यापासून दारापर्यंत सहा फूट, जेवायला बसलेल्या दोघांमध्ये तीन फूट, सासूबाईंच्या पलंगापासून त्यांच्या पायाशी बसलेल्या नातवापर्यंत चार फूट. मध्यमवर्गीय घरातला संसार जेवढ्या जागेत घडतो, नेमक्या तेवढ्याच जागेत हा कॅमेरा उत्तम चालतो. त्यानंतरचे आमचे फोटो एकदम सुधारले.

सुपात गहू पाखडणाऱ्या सासूबाई, शाळेच्या पहिल्या दिवशी भावाच्या डोक्याला तेल चोपडणारी मुलगी, दाढी अर्धी झालेली असताना वर्तमानपत्रात डोके घालून बसलेले माझे यजमान, असे फोटो या कॅमेऱ्यातून फार जिवंत येतात. फ्लॅशमुळे चेहरा उजळतो, मागची भांड्यांची मांडणी थोडी अंधुक होते आणि त्वचेचा रंग मऊ, किंचित दुधाळ दिसतो. मोबाइलच्या फोटोत प्रत्येक सुरकुती आणि भिंतीवरचा प्रत्येक पोपडा कोरून दिसतो. इथे डोळे आणि हसू एवढेच पुढे येते. ज्यांना बारकावे हवे आहेत त्यांना हे उणे वाटेल. मला घरच्या माणसांसाठी हेच रूप अधिक खरे वाटते.

मात्र चित्राचा लहान आकार ही गंभीर मर्यादा आहे, आणि ज्या कारणासाठी आम्ही कॅमेरा घेतला त्यालाच ती आड येते. गौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या अकरा जणींचा फोटो सासूबाईंनी भिंग लावून पाहिला आणि तरीही त्यांना स्वतःची बहीण ओळखता आली नाही, कारण त्यात प्रत्येक चेहरा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडासाच मोठा होता. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो: एका फोटोत दोन चेहरे, फार तर तीन. वयस्कर माणसासाठी हा कॅमेरा घेणार असाल तर हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. समूहाचे फोटो मोबाइलवर काढून चौकातल्या फोटो स्टुडिओतून सहा बाय आठ इंचांत छापून आणणे स्वस्तही पडते आणि त्यातली माणसे ओळखूही येतात.

आता गुंडीविषयी. ती आमच्या गल्लीतून घरात आलेली काळीभोर कुत्री आहे आणि २४० पैकी चाळीसेक फोटो तिचेच आहेत. काळ्या प्राण्याचा फोटो कोणत्याही कॅमेऱ्याला अवघड जातो, कारण काळी लव प्रकाश शोषून घेते. पांढऱ्या फरशीवर बसलेली गुंडी फोटोत केवळ एक काळा ठिपका होऊन बसते. परसातल्या लाल मातीवर, सकाळच्या तिरप्या उन्हात, चार फुटांवर गुडघे टेकून तिच्या उंचीवरून फोटो घेतला की लवेवरची चकाकी, कानाच्या आतला गुलाबी रंग आणि हनुवटीखालचे चार पांढरे केस स्वच्छ दिसतात. दुसरी अडचण डोळ्यांची. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो आणि त्यावर फ्लॅश सरळ पडला की डोळे हिरवे-पिवळे पेटल्यासारखे दिसतात. फ्लॅश बंद करता येत नसल्याने यावर उपाय एकच, तो म्हणजे तिची नजर बाजूला वळवणे. माझा मुलगा दाराआडून भाकरीची बुट्टी वाजवतो आणि ती तिकडे मान वळवते त्या क्षणी मी बटण दाबते. क्षण हुकला तर फ्लॅश पुन्हा भरायला सहा-सात सेकंद लागू शकतात, आणि तेवढ्या वेळात ती बुट्टीपाशी पोचलेली असते. बुजऱ्या प्राण्यासमोर आधी फिल्म न घालता कॅमेरा नुसता हुंगू द्यावा, रूळांचा आवाज चार दिवस लांबून ऐकवावा आणि मगच जवळ जावे. गुंडी पहिल्या फोटोला कॉटखाली जाऊन बसली होती. ते आठवले की अजून वाईट वाटते. आम्ही घाई केली होती.

घराबाहेर हा कॅमेरा कुठे चालतो आणि कुठे नाही, हे कोल्हापुरातल्या तीन ठिकाणांवरून सांगते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री म्हशी उभ्या असतात आणि धारोष्ण दुधाचा पेला हातात मिळतो. तिथे मुलांच्या ओठांवरच्या फेसाच्या मिशा मी तीन फुटांवरून टिपल्या आणि ते दोन फोटो आमच्या संग्रहातले सर्वांत लाडके आहेत. कमी उजेडात हा कॅमेरा आपले शटर जास्त वेळ उघडे ठेवतो, त्यामुळे मागच्या दिव्यांची पिवळी झाकही थोडी येते. फक्त हात स्थिर हवा, कोपर अंगाला टेकवून धरावे. म्हशींच्या तोंडासमोर मात्र फ्लॅश उडवू नये आणि मालकांना विचारल्यावाचून फोटोच घेऊ नये. धार काढताना जनावर बिचकले तर इजा माणसाला होते.

रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खाताना बाकावरच्या माणसांचे फोटो सुरेख येतात, पण पाणी, मावळते ऊन आणि पलीकडचा शालिनी पॅलेस यांची आशा धरू नये. झटपट फिल्मला प्रखर उजेड आणि सावली यांच्यातला मोठा फरक एका वेळी पेलत नाही, त्यामुळे आकाश पांढरे पडते किंवा माणूस काळा होतो. येताना मुलांना खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळ उभे करण्याचा माझा हट्ट होता, कारण बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सोबत्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडवला तो याच गावात, आणि ही गोष्ट मुलांनी फोटोसकट लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते. स्तंभाचा माथा चौकटीत घ्यायचा तर मुलांपासून लांब जावे लागते, आणि लांब गेले की मुले मुंगीएवढी होतात. शेवटी मुलांचे चेहरे घेतले आणि स्तंभाचा फोटो मोबाइलवर काढला.

पन्हाळा किल्ला कोल्हापूर शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे आणि पावसाळ्यात आम्ही तिथे जातोच. दाट धुक्यात हा कॅमेरा जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण फ्लॅशचा प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून परत येतो आणि चित्रावर पांढरा पडदा पसरतो. सज्जा कोठीवर आमच्या चार फिल्म अशाच गेल्या. तीन दरवाजाच्या आत, कोरीव दगडाला पाठ टेकून बसलेल्या सासूबाईंचा फोटो मात्र चार फुटांवरून घेतला, त्यात ओला दगड आणि त्यांची हिरवी नऊवार दोन्ही नीट उमटली आहेत.

कॅमेऱ्याच्या रचनेत काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. आपण पाहतो ती खिडकी भिंगाच्या बाजूला असते, त्यामुळे डोळ्याला दिसणारे आणि फिल्मवर उतरणारे चित्र थोडे सरकलेले असते. जवळच्या फोटोसाठी कडी पूर्ण फिरवली की ३० ते ५० सेंटिमीटरपर्यंतच्या फोटोकरिता हा फरक खिडकीतही बराच भरून काढला जातो. पण कडी फिरवायला विसरले की नवजात भाचीचा अर्धा चेहरा चौकटीबाहेर जातो, आणि ती चूक आम्ही दोनदा केली आहे. आपोआप फोटो घेणारा टायमर नाही, स्टँडवर बसवण्याची सोय नाही. त्यामुळे फोटो काढणारी व्यक्ती फोटोत येतच नाही, आणि आमच्या घरी ती व्यक्ती बहुधा मी असते. भिंगाशेजारच्या छोट्या आरशात पाहून स्वतःसह दोघांचा फोटो घेता येतो, तेवढाच आधार.

खर्चाचे बोलायचे तर फिल्म महाग आहे. एका फोटोला साधारण ५० ते ६० रुपये पडतात, आणि नवखेपणी दहांपैकी तीन-चार वाया जातात हे धरून चालावे. ज्यांना आधी चित्र पाहून मगच छापायचे असेल त्यांनी याच कंपनीचा, पडदा असलेला मिनी इव्हो पाहावा. तो बराच महाग आहे, पण फिल्म वाया जात नाही. मुलांच्या हातात द्यायला मात्र मी मिनी १२ च सुचवेन, कारण त्यात बिघडवण्यासारखे फारसे काही नाही. एक सक्त ताकीद द्यावी: पाकीट संपेपर्यंत मागचे झाकण उघडायचे नाही, उघडल्यास उरलेल्या फिल्मवर प्रकाश पडतो. फिल्म १५ अंशांखालच्या थंडाव्यात साठवावी, म्हणून आमची पाकिटे फ्रिजच्या दारात असतात आणि वापरण्याआधी काही तास बाहेर काढून ठेवावी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत उभ्या गाडीत फिल्म कधीही सोडू नये. बाहेर आलेला फोटो झटकूही नये. ती सवय जुन्या, वेगळ्या प्रकारच्या फिल्मची आहे आणि इथे तिने रसायन विसकटण्याचाच धोका असतो.

तयार फोटो उन्हापासून जपावा लागतो. खिडकीसमोरच्या दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले आमचे फोटो वर्षभरात फिके पडले, तर खिशांच्या लहान अल्बममध्ये ठेवलेले अजून पहिल्यासारखे आहेत. मागच्या बाजूला बॉलपेनने दाबून लिहिल्यास अक्षरे पुढे उठतात, म्हणून खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीवर न पुसणाऱ्या मार्करने लिहावे आणि मिनिटभर वाळू द्यावे. ते काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. त्या तारखेऐवजी तिथी लिहितात, आणि गुंडीच्या एका फोटोखाली त्यांच्या किंचित थरथरत्या अक्षरांत ‘नागपंचमी, बाईसाहेब रुसल्या’ असे आहे.