बार्सिलोनाची जर्सी: कापड, किंमत आणि पाठीवरची खूण

स्पेनमधील एफसी बार्सिलोना या फुटबॉल क्लबची 2024-25 हंगामाची होम जर्सी मी गेले कित्येक महिने वापरत आहे. क्लबच्या 125 व्या वर्षानिमित्त ती 1899 च्या पहिल्या जर्सीसारखी अर्धी निळी आणि अर्धी गडद लाल अशी केलेली आहे. मी घेतलेली आवृत्ती चाहत्यांसाठीची आहे. खेळाडूंची जर्सी अंगासरशी बसते आणि बरीच महाग असते, तर ही थोडी सैल असल्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या माणसालाही शोभते. कापड हलके आहे, घाम लवकर वाळतो, आणि आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एप्रिलच्या उन्हात दुपारचा सामना पूर्ण बघूनही ती अंगाला चिकटली नाही. साडेपाच हजारांच्या आसपास किंमत मोजताना मात्र हात आखडला, हे खरे आहे. एवढ्या पैशांत आपल्याकडे संघातील अर्ध्या पोरांच्या जर्सी शिवून होतात.

तरीही मी अस्सल जर्सीच घेतली, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी गावातल्याच एका दुकानातून याच क्लबची ‘फर्स्ट कॉपी’ घेतली होती. तिसऱ्या धुण्यात तिच्या पाठीवरची छपाई सोलून निघू लागली, आणि नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की क्रमांकाच्या खालची, क्लब ज्या संस्थेला मदत करतो तिच्या नावाची खूण तिच्यावर मुळातच छापलेली नव्हती. छातीवरच्या पुरस्कर्त्याचे नाव हुबेहूब होते, कंपनीचे चिन्ह होते, फक्त ती एक खूण गाळलेली होती. नक्कल करणाऱ्याला जी गोष्ट बिनमहत्त्वाची वाटली, नेमक्या तिच्यासाठी मला ही जर्सी हवी होती.

ही खूण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेची, म्हणजे यूएनएचसीआरची आहे. गांधी मैदानावर सराव करून आलेल्या पुतण्याने दोरीवर वाळत घातलेली जर्सी पाहून विचारले, “काका, पाठीवर ह्ये कुठल्या कंपनीचं हाय? किती पैसं देत्यात?” प्रश्न अगदी रास्त होता, कारण आपल्या पेठांतील संघांच्या जर्सीवर ज्याचे नाव असते त्याने संघाला पैसे दिलेले असतात. मी त्याला सांगितले की इथे पैसे उलट्या दिशेने जातात, म्हणजे नाव त्या संस्थेचे आणि पैसे देणारा क्लब. पोरगा जर्सीचे टोक हातात धरून बराच वेळ ती अक्षरे वाचत राहिला.

या पद्धतीची सुरुवात सप्टेंबर 2006 मध्ये झाली. तोवर बार्सिलोनाने आपल्या जर्सीच्या छातीवर एकाही कंपनीचे नाव येऊ दिले नव्हते. त्या महिन्यात क्लबने न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात युनिसेफशी, म्हणजे त्यांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी, पाच वर्षांचा करार केला आणि ज्या जागेसाठी कंपन्या मोठी रक्कम मोजायला तयार होत्या, ती छातीवरची जागा पिवळ्या अक्षरांत युनिसेफला दिली. क्लबने आपल्या नियमित उत्पन्नाचा 0.7 टक्के वाटा स्वतःच्या फाउंडेशनमार्फत विकासकामांना द्यायचे ठरवले, आणि युनिसेफला वर्षाला 15 लाख युरो देण्याचे कबूल केले. पहिले काम तेव्हाच्या स्वाझीलंडमध्ये, म्हणजे आजच्या एस्वातिनीमध्ये, एचआयव्हीची झळ पोहोचलेल्या मुलांसाठी सुरू झाले. 0.7 हा आकडा श्रीमंत देशांनी गरीब देशांना किती मदत करावी याचे संयुक्त राष्ट्रांनी 1970 मध्ये घालून दिलेले प्रमाण आहे. जे बंधन अनेक श्रीमंत सरकारे आजही पाळत नाहीत, ते सभासदांच्या मालकीच्या एका क्रीडासंस्थेने आपणहून स्वीकारले, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

पुढे 2011 मध्ये छातीवर कतार फाउंडेशनचे नाव आले, त्याबद्दल क्लबला वर्षाला सुमारे 3 कोटी युरो मिळू लागले, आणि युनिसेफ पाठीवर क्रमांकाखाली गेले. हा बदल मला पटलेला नाही. क्लबला पैशांची गरज होती हे मान्य केले, तरी छातीवरची जागा आणि पाठीवरची जागा यांत फरक आहे, आणि तो क्लबलाही ठाऊक आहे; तसे नसते तर छातीच्या जागेला एवढा भाव आलाच नसता. मात्र नाव मागे गेले म्हणून काम थांबले नाही, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. युनिसेफशी असलेले नाते जर्सीवर 2022 पर्यंत टिकले, आणि त्यानंतर चार हंगामांसाठी यूएनएचसीआरशी करार झाला. त्यानुसार क्लबने फाउंडेशनमार्फत दरवर्षी 4 लाख युरो रोख आणि त्याशिवाय 1 लाख युरोंच्या मोलाचे साहित्य व तज्ज्ञांचे मार्गदर्शन देण्याचे मान्य केले. कोलंबिया, तुर्कस्तान, युगांडा आणि मलेशिया या चार देशांतील निर्वासित मुलांसाठी खेळ, शिक्षण आणि संरक्षण यांवर हा पैसा खर्च करायचा असे ठरले.

खरेदी करणाऱ्याने इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हे करार ठराविक वार्षिक रकमेचे आहेत, दर जर्सीमागे अमुक रुपये अशा स्वरूपाचे नाहीत. त्यामुळे जर्सी घेतली म्हणजे आपण दानधर्म केला, असा समज कोणी करून घेऊ नये. आपण कापडाची आणि क्लबच्या नावाची किंमत देतो, आणि त्या क्लबने आपल्या मिळकतीतून काही वाटा बाजूला काढलेला असतो. मला हा व्यवहार अधिक प्रामाणिक वाटतो, कारण विक्री कमी झाली तरी ठरलेली रक्कम द्यावीच लागते.

सगळेच क्लब अशी खूण जर्सीवर मिरवत नाहीत, आणि ज्यांचे काम मोठे आहे ते तर अनेकदा दिसतही नाही. इंग्लंडमधील एव्हर्टन क्लबची ‘एव्हर्टन इन द कम्युनिटी’ ही संस्था 1988 पासून आपल्या मैदानाभोवतीच्या वस्तीत काम करते. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, माजी सैनिक, शाळेतून बाहेर पडलेली मुले यांच्यासाठी तिचे वर्षभर चालणारे उपक्रम आहेत. ग्लासगोचा सेल्टिक क्लब तर 1887 मध्ये स्थापन झाला तोच मुळी शहराच्या पूर्व भागातील गरीब कुटुंबांच्या मुलांना जेवण मिळावे म्हणून. ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूंनी सामन्यांच्या उत्पन्नातून ते काम उभे केले. हे वाचताना मला आपल्या कोल्हापूरच्या तालमी, म्हणजे फुटबॉल संघ चालवणारी पेठांतील मंडळे, आठवतात. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा एरवी मैदानावर एकमेकांसमोर उभी ठाकणारी पेठांतील पोरे पाण्यात अडकलेल्यांना जेवण आणि पाणी पोहोचवत होती. त्या कामाला करार नव्हता आणि वार्षिक रक्कमही नव्हती. म्हणूनच मला वाटते की आपल्या मंडळांनी तिकिटांच्या आणि बक्षिसांच्या रकमेतून थोडा का होईना, पण ठरलेला वाटा दरवर्षी बाजूला काढावा, म्हणजे पूर ओसरल्यावरही ते काम चालू राहील.

जर्सीबाबत दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. ती उलटी करून थंड पाण्यात धुवावी आणि छपाईवर इस्त्री फिरवू नये; एवढे पाळल्यामुळे माझ्या जर्सीवरची अक्षरे अजून जशीच्या तशी आहेत. पाठीवर नाव आणि क्रमांक छापून घ्यायचा असेल तर तो त्या खुणेच्या वर येतो, त्यामुळे ती झाकली जात नाही. जुन्या हंगामाची जर्सी सवलतीत मिळत असेल तर पैसे देण्याआधी ती पाठमोरी करून क्रमांकाखालची खूण आहे की नाही हे पाहून घ्यावे.