ड्रेडलॉक्स धुवायचे कशाने : रिठा की शाम्पू?

ड्रेडलॉक्स म्हणजे केस वळून केलेल्या जटा. त्या दिसल्या की लोक धरूनच चालतात, हा केस धूत नसणार. खरं तर उलटं आहे. तेलकट केस निसटतात, स्वच्छ केस घट्ट वळतात.

रिठा स्वस्त, आणि नीट गाळला तर मागे चिकटपणा ठेवत नाही. पण खटाटोप आहे: रात्रभर भिजवा, उकळा, सुती फडक्यातून दोनदा गाळा. डोळ्यांत गेला तर विचारू नका! रोजच्या वापराने केस कोरडेही पडतात. शिकेकाईची पूड मात्र नकोच. तिचे कण लटेत अडकले की निघता निघत नाहीत.

शाम्पू झटपट. तो पारदर्शक, कंडिशनर नसलेला घ्यावा. दाट, मोतिया रंगाचे बहुतेक शाम्पू लटांत थर धरतात. बोटांच्या पेरांनी टाळू चोळायची, लटा नुसत्या दाबायच्या, पाणी निवळ येईपर्यंत धुवायचं. घाम गाळणाऱ्याने सरळ हाच घ्यावा, रिठा अधूनमधून.

कोकणातल्या पावसाळ्यात मात्र दोन्हींची गत एकच. जाड लट आतून ओली राहते, कुबट वास धरते. तिथे सकाळीच धुवा, पंच्याने पिळा आणि पंख्याखाली बसा. ओल्या जटा बांधून झोपू नका.