कोकम आगळाचा पत्ता: यूआरएलमध्ये कॅटेगरी घालायची की नाही?

ऑनलाइन दुकान काढणारे बहुतेक जण थीम, फोटो आणि पेमेंटमध्ये महिना घालवतात आणि यूआरएलची, म्हणजे पानाच्या वेबपत्त्याची, सेटिंग दोन मिनिटांत उरकतात. थीम पुढे एका रात्रीत बदलता येते. दीडशे मालांचे पत्ते बदलले, तर गूगलला प्रत्येक पान पुन्हा ओळखून घ्यावं लागतं. म्हणून हे आधी ठरवा.

उदाहरणाला कोकणी मालाचं दुकान घेऊ: आगळ, आंबापोळी, कुळथाचं पीठ आणि मोसमात हापूस. आगळाच्या बाटलीचा पत्ता, म्हणजे डोमेनच्या पुढचा भाग, चार प्रकारे लिहिता येतो. इथे तो देवनागरीत लिहिलाय. प्रत्यक्षात लिपी कोणती घ्यायची ते पुढे येईलच.

/?पी=४८२
/कोकम-आगळ
/प्रॉडक्ट/कोकम-आगळ
/सरबतं/कोकम/कोकम-आगळ

पहिला लगेच बाद करा. गूगलला तो वाचता येतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली अशी लिंक बघून आत काय आहे ते कुणालाच कळत नाही. दुसरा दिसायला सर्वांत देखणा. पण त्यात माल, लेख, 'आमच्याविषयी' असं सगळं एकाच पंगतीत बसतं, आणि 'कोकम' नावाची कॅटेगरी व 'कोकम' नावाचा माल यांची कधीतरी टक्कर होते. वीस-पंचवीस वस्तूंच्या दुकानाला तो चालेल.

खरी निवड तिसऱ्या आणि चौथ्यात आहे.

चौथ्याच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं की पत्त्यात 'सरबतं', 'कोकम' असे जास्त शब्द आले की रँकिंग वाढतं. यूआरएलमधल्या शब्दांचा रँकिंगवरचा परिणाम अगदी किरकोळ असतो, हे गूगलच्या लोकांनी अनेकदा सांगितलंय. दुसरा मुद्दा असा की शोधाच्या निकालात 'सरबतं › कोकम' अशी पूर्ण वाट दिसते आणि गिर्‍हाईकाला विश्वास वाटतो. ही वाट ब्रेडक्रम्बच्या स्ट्रक्चर्ड डेटावरूनही (पानाच्या कोडमध्ये गूगलसाठी लिहिलेल्या माहितीवरून) दाखवता येते, त्यासाठी पत्ता लांबवायची गरज नाही. शिवाय जानेवारी २०२५ पासून मोबाइलवरच्या निकालांत गूगल ही वाट दाखवतच नाही, फक्त डोमेन दाखवतं.

आता तोटा बघा. एका दुकानाचं काम करताना आम्ही आगळ 'सरबतं'मध्ये टाकलं होतं, बाटलीत मिळतं म्हणून. आगळ असतं खारट, सोलकढीला लागणारं. गोड असतं ते अमृत कोकम. गिर्‍हाईकांचे फोन यायला लागले तेव्हा ते 'स्वयंपाकाचं साहित्य'मध्ये हलवलं. पत्त्यात कॅटेगरी होती, त्यामुळे पत्ता बदलला आणि बाटलीच्या लेबलावर छापलेला क्यूआर कोड ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', वर जाऊ लागला. छापलेली लेबलं गोदामात पडून होती. रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारी सोय, टाकल्यावर प्रश्न सुटला, पण तोवर दोन आठवडे गेले होते.

कॅटेगरी ही दुकानदाराची मांडणी असते आणि मांडणी बदलतेच. आंबापोळी आज 'कोकण मेवा'त, दिवाळीत 'भेटवस्तूं'त. मालाचं नाव मात्र तेच राहतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पत्त्यात मालाचं नाव आणि त्याआधी एक स्थिर शब्द, म्हणजे तिसरा प्रकार. त्याचा आणखी एक फायदा रोजच्या कामात कळतो. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे शोधातली आपली पानं दाखवणाऱ्या साधनात, तो एक शब्द फिल्टरला टाकला की फक्त मालाची पानं समोर येतात.

शॉपिफाय या तयार दुकानाच्या प्लॅटफॉर्मवर असाल तर हा वाद तुमच्यासाठी आधीच मिटलाय. तिथे 'प्रॉडक्ट्स' हा शब्द काढताच येत नाही. कलेक्शनमधून उघडलेला लांब पत्ता असला, तरी कॅनॉनिकल टॅग (मुख्य पत्ता कोणता ते गूगलला सांगणारी खूण) छोट्या पत्त्याकडेच बोट दाखवतो. वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्समध्ये मात्र पर्मालिंकच्या (पत्त्यांच्या सेटिंगच्या) पानावर कॅटेगरी घालायचा पर्याय असतो आणि तिथेच मोह होतो. मालाचा स्लग, म्हणजे पत्त्यातलं त्याचं नाव, बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेतं. कॅटेगरीचा स्लग बदलला तर तशी सोय नाही.

चौथा प्रकार कुणी घ्यावा? ज्यांचा कॅटलॉग वर्षानुवर्षं हलत नाही त्यांनी. नटबोल्ट, बेअरिंग, पुस्तकं.

आता लिपी. मराठी दुकानाला देवनागरी पत्ता असावा असं मनापासून वाटतं, आणि गूगललाही तो चालतो. अडचण शेअर करताना येते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइटचं असतं आणि लिंक कॉपी केली की प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह ३ अक्षरांचा होतो. म्हणजे एका चिन्हाची ९ अक्षरं. 'रत्नागिरी-हापूस' रोमनमध्ये १५ अक्षरांत बसतं. देवनागरीत तीच लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर १२७ अक्षरांची होऊन पडते, सगळी टक्केच टक्के. वर्डप्रेसमध्ये तर स्लगची मर्यादा २०० अक्षरांची, त्यामुळे साधारण बाविसाव्या चिन्हाला नाव कापलं जातं. दुकानात नाव, वर्णन, शीर्षक सगळं मराठीत ठेवा. पत्ता तेवढा रोमनमध्ये. स्पेलिंग एकदा ठरवा आणि तेच सगळीकडे वापरा. शब्दांमध्ये आडवी रेघ, अंडरस्कोअर नाही.

हापूसच्या बाबतीत एक चूक दर मार्चला होते: 'हापूस-२०२४', 'हापूस-२०२५' अशी नवी पानं काढली जातात. गेल्या मोसमात लोकांनी दिलेल्या लिंक जुन्या पानाकडेच राहतात आणि नवं पान शून्यापासून उभं राहतं. वर्ष शीर्षकात लिहा, पत्त्यात नको. मोसम संपला की पान काढू नका. 'पुढच्या पेट्या मार्चमध्ये' असं लिहून ठेवा.

फिल्टरचे पत्ते प्रश्नचिन्हापुढे जाऊ द्या. पेटीच्या वजनाचे ४, फळाच्या आकाराचे ३ आणि क्रमवारीचे ४ पर्याय असले, तर नुसत्या यांच्या जोड्यांचे ४८ पत्ते तयार होतात आणि माल तोच. त्या सगळ्यांचा कॅनॉनिकल मूळ कॅटेगरीकडे ठेवा. अपवाद एखादाच: 'देवगड हापूस' असं लोक खरोखर शोधत असतील, तर त्यासाठी फिल्टरवर न विसंबता स्वतंत्र कॅटेगरी काढा आणि तिथे चार ओळी स्वतः लिहा.

दुकान आधीच चौथ्या प्रकारात चालू असेल आणि विक्री होत असेल, तर निव्वळ नीटनेटकेपणासाठी पत्ते बदलू नका. प्लॅटफॉर्म बदलायची वेळ येईल तेव्हा हेही उरका: जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी शीट करा, प्रत्येकाला ३०१ (कायमचा) रीडायरेक्ट द्या, थेट शेवटच्या पानावर, आणि ते किमान वर्षभर काढू नका. लेबलावर क्यूआर छापला असेल तर कधीच काढू नका.