सील आतच फोडून आणलेलं

काउंटरखाली रंगाचा एक रिकामा डबा होता आणि त्यात तेलाच्या कॅनची झाकणं जपून ठेवलेली होती. लाल, काळी, सोनेरी. मी ती पाहिली होती. रिकामा कॅन झाकणासकट भंगारात जातो, मग ही वेगळी कशाला, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण दुकानाचा मालक माझ्या गाडीसोबत सेल्फी काढत होता आणि मी फुगून उभा होतो.

गाडी सॅन स्टॉर्म. दोन सीटची, गोव्यात बनलेली, आत रेनॉचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. बॉडी फायबरग्लासची, त्यामुळे आमच्या मालवणच्या खाऱ्या वाऱ्याला खायला बाहेरून पत्राच नाही. ताकदीचं म्हणाल तर आजची साधी हॅचबॅकसुद्धा हॉर्न देऊन पुढे जाते. पण छप्पर उघडून तारकर्लीकडे निघालं की माणसं वळून बघतात. म्हणायला स्पोर्ट्स कार, आणि त्या म्हणण्यापायीच मी बुडालो.

पावसाळाभर गाडी ताडपत्रीखाली असते. दमट हवेत उभ्या इंजिनात ओल धरते, मधूनमधून पाच मिनिटं चालू करून ती जात नाही, उलट तेल ओतायच्या तोंडाच्या झाकणाला आतून सायीसारखा पांढरट थर येतो. म्हणून किलोमीटर कितीही झालेले असोत, चतुर्थीच्या आधी तेल बदलायचंच. आमचे मेस्त्रीकाका वर्षानुवर्षं १०डब्ल्यू-४० या दाटपणाच्या ग्रेडचं सेमी-सिंथेटिक तेल घालत आलेत. यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी हायवेवरच्या एका चकचकीत दुकानात गेलो.

"साहेब, स्पोर्ट्स गाडीत हे असलं तेल?" मालकाने सुरुवातच अशी केली. मग म्हणाला, हल्लीच्या तेलांतलं झिंक कमी केलंय, जुनी इंजिनं त्याने झिजतात, तुम्हाला रेसिंगचं फुल्ली सिंथेटिक ५डब्ल्यू-५० लागेल.

बोलणं अगदीच खोटं असतं तर मी फसलो नसतो. झिंक आणि फॉस्फरसचं एक संयुग तेलात घालतात, ते घासणाऱ्या भागांवर थर धरून झीज रोखतं. फॉस्फरसने धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडतो म्हणून नव्या तेलांत त्यावर मर्यादा आली, हेही खरंच. पण एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या एसएन दर्जात ती मर्यादा २० आणि ३० च्या पातळ ग्रेडना आहे, ४० ला नाही. म्हणजे माझं नेहमीचं तेल त्या भानगडीत येतच नव्हतं. हे मला नंतर कळलं. शिवाय डब्ल्यू म्हणजे विंटर. आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं याचा, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं याचा. आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीत पहाटे एक स्वेटर. त्या ५ साठी जादा पैसे मोजायचं मला काहीच कारण नव्हतं.

तेलाचे ४,८००, इंजिन आतून धुण्याचे, म्हणजे फ्लशचे ९००, मजुरीचे ५००. पोरगा आतून कॅन घेऊन आला तो सील फोडूनच. "तुमचा टाइम वाचावा म्हणून," मालक म्हणाला. कॅन नामांकित कंपनीचा, लेबल नवंकोरं. मी मान डोलावली.

गणपती झाल्यावर आंबोलीला गेलो. घाट चढून चहाला थांबलो तर इंजिन चालू असताना डॅशबोर्डवरचा तेलाच्या प्रेशरचा लाल दिवा मिणमिणायला लागला. एक्सिलरेटर दाबला की विझायचा, सोडला की परत. वरून टॅपेटची, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या भागांची टकटक. डिपस्टिकवर, तेल मोजायच्या पट्टीवर, पातळी बरोबर होती. पातळी पूर्ण आणि प्रेशर नाही, म्हणजे तेलच पातळ, हे मला तिथेच कळायला हवं होतं. लेबलवर ५० होतं. ते गरम झाल्यावरसुद्धा माझ्या ४० पेक्षा दाट राहायला हवं. दिवा लागायचा तर आधीच्या तेलावर लागला असता. पण मी बोनेट बंद केलं आणि गाडी उतरवत घरी आणली. ही चूक माझी, दुकानदाराची नव्हे.

मेस्त्रीकाका काळा चष्मा लावून आले. ड्रेनचा नट सोडला, धार बोटावर घेतली, चोळली, नाकाशी नेली.

"झिला, ह्या तेल खंय घातलंस?"

तेल काळं झालं होतं, पण काकांनी रंगाकडे लक्षच दिलं नाही. चांगलं तेल आतला मळ उचलतं, तेही काळं पडतंच. त्यांनी चहाचे दोन ग्लास मागवले. एकात हे, दुसऱ्यात त्यांच्या नव्या कॅनमधलं १०डब्ल्यू-४०, आणि दोन्ही एकदम कलंडले. त्यांचं तेल काचेला धरून सावकाश उतरलं. माझं पाण्यासारखं सुटलं आणि रॉकेलचा वास मागे ठेवून गेलं. जुनं जळकं तेल गाळून, पातळ करून, ओरिजिनल रिकाम्या कॅनमध्ये भरलेलं. तेव्हा मला तो झाकणांचा डबा आठवला.

ऑइल पॅन उतरवलं तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर नखाला लागतील असे ओरखडे. या गाडीचा माल सहज मिळत नाही. तीन महिने आणि २३,००० रुपये गेले.

दुकानात परत गेलो तर मालकाने शांतपणे बिल मागितलं. माझ्याकडे एक चिठोरी होती, "ऑइल चेंज ६,२००", त्यावर ना शिक्का, ना जीएसटी, ना तेलाचं नाव. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला तर तिथेही आधी बिलाचीच विचारणा. कॅनही दुकानातच सोडून आलो होतो, म्हणजे बॅच नंबर दाखवायचीही सोय नाही. माझ्या पैशांचा कॅन बहुधा पुन्हा कोणाच्या तरी गाडीत रिकामा झाला असेल.

आता तेल मी स्वतः विकत घेतो, पक्क्या बिलावर, आणि झाकणाखालचं सील मेस्त्रीकाकांच्या समोर माझ्या हाताने फोडतो. कॅन रिकामा झाला की काका त्यात छिन्नी घालतात. भंगारवाला कुरकुरतो. भोक पडलेल्या कॅनचे त्याला निम्मेच पैसे मिळतात म्हणे.