बेळगाव ते मडगाव, घाटातल्या नव्या डब्यांतून : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या आईचे वय ७८ आहे. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ती वॉकर घेऊन चालते, आणि धाकटी बहीण मडगावला असल्यामुळे गेल्या आठ महिन्यांत आम्ही बेळगाव–मडगाव अशा सात फेऱ्या रेल्वेने केल्या. चोर्ला घाटातली वळणे आईला सोसत नाहीत. अनमोडच्या रस्त्यानेही दोनदा जाऊन पाहिले, पण गाडीत अडीच-तीन तास पाय दुमडून बसल्यावर तिला उतरवताना आमच्या डोळ्यांत पाणी येत असे. म्हणून हा अनुभव मुख्यतः वृद्ध आणि चालण्यास अडचण असलेल्या प्रवाशांच्या बाजूने लिहीत आहे.

खानापूर, लोंढा, तिनईघाट आणि कॅसलरॉक असा मार्ग संपला की खरा घाट सुरू होतो. कॅसलरॉक ते कुळे हे अंतर सुमारे २६ किलोमीटर असून तीव्र चढावर दर ३७ मीटरला १ मीटर एवढी चढण आहे. पोर्तुगीज काळात, १८८८ मध्ये, ही वाट मीटरगेजवर सुरू झाली, आणि ब्रॉडगेज होण्यासाठी १९९० चे दशक उजाडावे लागले. आईने लग्नानंतर याच घाटातून मीटरगेजच्या गाडीने प्रवास केलेला आहे. लाकडी बाक, खिडकीतून येणारी इंजिनाची काजळी आणि बोगदा आला की लहान मुलांचे डोळे पदराने झाकणाऱ्या बायका हे सारे ती आजही सांगते. त्यामुळे नव्या डब्यांविषयी तिचे मत मला माझ्या मतापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

आमच्या बहुतेक फेऱ्या एलएचबी पद्धतीच्या डब्यांतून झाल्या. मूळ जर्मन रचनेचे हे डबे जुन्या निळ्या डब्यांपेक्षा सुमारे दोन मीटरने लांब आहेत, आणि त्यामुळे स्लीपर डब्यात ७२ च्या जागी ८० बर्थ बसतात. आमच्या दृष्टीने मोठा फरक ब्रेकचा आहे. जुन्या डब्यांत ब्रेकचे ठोकळे थेट चाकाच्या कडेवर दाबले जात. उतारावर सतत ब्रेक लागल्यामुळे घासल्याचा आवाज डब्यात घुमत असे आणि जळका वासही येत असे. एलएचबी डब्यांत आसावर बसवलेल्या डिस्कवर ब्रेक लागतो, त्यामुळे कुळ्याकडे उतरताना पूर्वीची ती करकर जवळजवळ ऐकू येत नाही. घाटात गाडी ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच चालते. त्या संथ गतीला डबा इतका स्थिर राहतो की दुसऱ्या फेरीत आईने थर्मासमधला चहा स्वतःच्या हाताने पेल्यात ओतून घेतला. आमच्या घरात ही मोठी घटना होती.

एका धक्क्याची मात्र आधी कल्पना असावी. मडगावहून परतताना चढणीवर गाडी ढकलण्यासाठी कुळ्याला तिच्या मागे बँकर म्हणजे जादा इंजिने जोडतात. ती येऊन भिडतात तेव्हा मागच्या डब्यांना हिसका बसतो. पहिल्या खेपेस आई नेमकी त्याच वेळी उभी राहिली होती, आणि समोरच्या बर्थवरच्या एका मुलीने तिला सावरले नसते तर अनर्थ झाला असता. तेव्हापासून कुळे स्थानक आले की गाडी पुन्हा चालू लागेपर्यंत आम्ही तिला जागेवरून हलू देत नाही.

खालच्या बर्थबाबत अनुभव चांगला आहे. ४५ वर्षांवरील स्त्रिया आणि ६० वर्षांवरील पुरुष यांना जागा असेल तर आरक्षण प्रणाली आपोआप खालचा बर्थ देते, आणि सातपैकी सहा वेळा आम्हाला तो मिळाला. मात्र ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. दरमहा फेरी करणाऱ्या निवृत्त माणसाला तो भार जाणवतो.

शौचालयाचा प्रश्न वेगळा आहे. नेहमीच्या डब्यात आत कठड्यांचा आधार असतो, पण दार इतके अरुंद असते की वॉकर बाहेर ठेवून आईला माझ्या खांद्याच्या आधाराने आत जावे लागते. एका फेरीत थ्री टियर इकॉनॉमीचा डबा मिळाला. २०२१ पासून आलेल्या या डब्यांत एक शौचालय रुंद दाराचे असते. त्या दिवशी आई प्रथमच कोणाच्याही मदतीशिवाय जाऊन आली, आणि परत येऊन बसल्यावर बराच वेळ काहीच बोलली नाही. या डब्यात बर्थ जास्त बसवल्यामुळे पाय ठेवण्याची जागा थोडी कमी आहे. आम्ही ती अडचण आनंदाने स्वीकारू, पण तसे दार प्रत्येक डब्यात हवे.

आठ महिन्यांनंतरही माझी खरी तक्रार डब्याच्या आतल्या सोयींविषयी नाही. ती दाराशी सुरू होते. आपल्याकडचे उंच फलाट रुळांपासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंचीचे असतात, आणि डब्याची जमीन सव्वा मीटरच्याही वर असते. म्हणजे उत्तम फलाटावरसुद्धा जवळजवळ अर्धा मीटर चढायचे असते, आणि त्यात आधाराला एक अरुंद पायरी. वाटेवरच्या एका स्थानकावर आमचा डबा फलाटाच्या सखल टोकाशी थांबला. थांबा दोन मिनिटांचा. मागितलेली चाकांची खुर्ची आलीच नाही. शेवटी दोन हमालांनी आणि मी आईला अक्षरशः उचलून आत घेतले. दुखले का, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘दुखलं नाही रे, पण लोक बघत होते.’ हे वाक्य मला त्या दिवशीच्या धावपळीपेक्षा जास्त लागले. दिव्यांग व्यक्तींचे हक्क मान्य करणारा कायदा २०१६ सालचा आहे. प्रवासाची साधने सर्वांना वापरता येतील अशी असावीत, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे. डबा बनवणाऱ्यांनी आपला वाटा बराचसा उचलला आहे, तेव्हा दारापर्यंतचा तो अर्धा मीटर कोणाच्याच वाट्याला न येणे मला अन्यायाचे वाटते.

पावसाळ्यातल्या फेरीविषयी सांगायचे तर दूधसागर वातानुकूलित डब्याच्या बंद काचेतून धूसर दिसतो. स्लीपरच्या उघड्या खिडकीतून तुषार थेट तोंडावर येतात. ३१० मीटरवरून कोसळणारे ते पाणी पाहण्यासाठी आईने जुलैत हट्टाने स्लीपरचे तिकीट काढायला लावले, आणि ओल्या पदराने कॅसलरॉकपर्यंत खिडकीशी बसून राहिली.

आता आम्ही उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून घडीची ॲल्युमिनियमची पायरी करून घेतली आहे. ती नऊ इंच उंच आहे, पायांना जाड रबर आहे, आणि बाजूला हात धरायला एक दांडी आहे. गेल्या दोन फेऱ्यांत आई तिच्यावरून स्वतः डब्यात चढली. पुढच्या महिन्याचे तिकीट काढून झाले आहे, आणि बहिणीसाठी कुंदा कधी घ्यायचा हे आईने आताच ठरवून टाकले आहे.