जुन्या घाटाचं सुटं गॅरेज-वर्कशॉप: कुठे जुनं ठेवायचं, कुठे नवं घ्यायचं

घरापासून सुटं, जुन्या घाटाचं गॅरेज बांधायचं ठरलं की दोन रस्ते समोर येतात. एक, सगळंच जुन्या पद्धतीने: भाजक्या विटा, चुना, भरीव लाकडाची दारं. दुसरा, सांगाडा आजचा आणि चेहरा जुना. मी बांधताना दोन्हींची सरमिसळ केली. काही ठिकाणी ती छान जमली, काही ठिकाणी केलेलं काम पुन्हा उकलावं लागलं. तुम्ही अजून कागदावरच असाल तर हे आधी वाचून घ्या.

आकार: हुबेहूब जुना की आजच्या मापाचा

जुन्या गॅरेजांमधलं सगळ्यांत नावाजलेलं गॅरेज अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये आहे. ह्यूलेट-पॅकार्ड (एचपी) कंपनीचे संस्थापक बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी १९३८ मध्ये तिथेच काम सुरू केलं. दिसायला अगदी मनात भरेल असं, पण माप १२ बाय १८ फूट. आता हिशोब करा. १२ फूट म्हणजे साधारण ३.६५ मीटर. आजची गाडी १.८ मीटर रुंद धरली आणि मधोमध उभी केली, तर दोन्ही बाजूंना जेमतेम ९२ सेंटिमीटर उरतात. त्यातले ६० सेंटिमीटर कामाच्या टेबलाने घेतले की माणसाला उभं राहायला ३२. तिथे गाडीचं दारही धड उघडत नाही.

मग सरळ रुंदी वाढवायची का? वाढवता येते, पण छपराचा उतार तोच ठेवला तर आढं उंच जातं आणि उंची तीच ठेवली तर छप्पर चपटं होतं. दोन्हीत गॅरेजचा चेहरा गोदामासारखा होतो. मला जास्त पटलेला उपाय म्हणजे मूळ भाग लहानच ठेवून एका अंगाला पडवी काढणं. समोरून प्रमाण जुनंच दिसतं आणि टेबल, कपाटं, ग्राइंडर सगळं पडवीत जातं. तिथे उंची कमी असली तरी चालते, कारण टेबल भिंतीलगत असतं आणि आपण त्याच्या अलीकडे उभे असतो. मात्र पडवीचं छप्पर मूळ भिंतीला जिथे भिडतं तो सांधा पत्र्याची पट्टी घालून नीट करून घ्या. पाणी हमखास तिथूनच शिरतं.

दार: इथे घाई करू नका

पर्याय तीन. बिजागऱ्यांवर उघडणारं दोन पल्ल्यांचं लाकडी दार, वरच्या रुळावरून बाजूला सरकणारं दार, आणि तुकड्यातुकड्यांनी वर जाऊन छताखाली आडवं होणारं दार.

दोन पल्ल्यांचं दार सगळ्यांत देखणं. छताखालची जागा मोकळी राहते, बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, आणि नुसता एक पल्ला उघडा ठेवून काम करण्यात जे सुख आहे ते दुसऱ्या कुठल्याच दारात नाही. पण वजन लक्षात घ्या. १.३५ मीटर रुंद, २.१ मीटर उंच आणि ४ सेंटिमीटर जाड पल्ला मध्यम लाकडाचा केला तरी ६५ ते ७० किलो भरतो. एवढा भार बिजागऱ्यांवर लोंबकळत असतो. माझ्या दाराचा मोकळा कोपरा पहिल्याच वर्षी खाली बसला आणि जमिनीला घासू लागला. कारण शोधलं तर तिरपी पट्टी उलटी ठोकलेली. लाकडी तिरपी पट्टी बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून निघून मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जायला हवी. तशी असली की पल्ल्याचा भार पट्टीवर दाबाने येतो आणि खालच्या बिजागरीकडे उतरतो. उलटी असली की सांध्यांना ताण बसतो, ते सैल होतात आणि पल्ला वाकतो. लोखंडी सळी किंवा तार लावायची असेल तर दिशा नेमकी विरुद्ध, कारण तिला ताण सोसतो, दाब सोसत नाही. सुतार कितीही चांगला असो, ही पट्टी बसवताना शेजारी उभे राहा.

या दारासाठी बाहेर पल्ल्याच्या रुंदीएवढी जागा कायम मोकळी लागते. वाऱ्यात पल्ला आपटू नये म्हणून जमिनीत रुतणारी खिट्टीही हवीच.

सरकत्या दाराला बाहेर जागा लागत नाही, पण बाजूला दाराएवढी भिंत मोकळी हवी. भिंत आणि दार यांच्यात फट राहते, त्यातून धूळ आणि उंदीर आत येतात. नाजूक यंत्रं ठेवणार असाल तर मी हे सुचवणार नाही.

वर जाणाऱ्या दाराला बरेच लोक ‘हे जुनं नाही’ म्हणून नाक मुरडतात. पण असं दार अमेरिकेत १९२१ मध्ये आलं, म्हणजे त्यालाही शंभर वर्षं होऊन गेली. तुमच्या मनातलं गॅरेज त्यानंतरच्या दशकांतलं असेल तर हे दार अस्सलच आहे. त्यावर खोट्या बिजागऱ्या आणि कड्या चिकटवायची गरज नाही, दहा पावलांवरून त्या खोट्या दिसतात. उघडलेलं दार छताखालची जागा अडवतं, त्यामुळे गाडी उचलणारी लिफ्ट बसवायची असेल तर रुळांची आखणी आधीच करावी लागते. या दाराच्या जोरकस स्प्रिंगला स्वतः पाना लावू नका. ते काम जाणकाराचं.

माझा कौल: बाहेर जागा असेल तर दोन पल्ल्यांचं, नसेल तर वर जाणारं.

भिंती आणि छप्पर

वीट आवाज आत ठेवते, आगीला दाद देत नाही, उन्हातही आत लवकर तापत नाही. वेल्डिंग करणाऱ्याने वीटच घ्यावी. जुन्या मऊ विटा मिळाल्या तर दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्याने भरा, कडक सिमेंटने नको. सिमेंटच्या सांध्यातून ओल बाहेर पडत नाही, ती विटेतून वाट काढते आणि विटेचा दर्शनी थर सुटू लागतो.

लाकडी सांगाड्याची भिंत सुतारकामाच्या माणसाला जास्त सोयीची. फळी, खुंटी, हत्यारांचा फलक हवा तिथे ठोकता येतो, वायरी भिंतीतून नेता येतात. आगीची भीती मात्र खरी आहे. लोखंडी सांगाडा आणि पत्रा सगळ्यांत लवकर उभा राहतो, पण रात्री पत्रा गार पडला की आतल्या हवेतली वाफ त्यावर जमते आणि थेंब थेंब खाली ठिबकते, तेही नेमकं लेथवर. पत्र्याखाली उष्णतारोधक थर देणार नसाल तर पत्रा घेऊच नका.

खिडक्यांसाठी थोडा जास्त खर्च करा. बारीक चौकटींची उंच खिडकी गॅरेजला अर्धं जुनेपण एकटीच देते. उत्तर गोलार्धात राहत असाल तर ती उत्तरेला घ्या. दिवसभर सारखा प्रकाश येतो, टेबलावर कडक सावली पडत नाही आणि मोजपट्टीवरची बारीक रेघ नीट दिसते.

जमीन: इथे जुनं नको

विटांची किंवा लाकडी ठोकळ्यांची फरशी पायाला मऊ असते, पडलेलं हत्यारही वाचतं. तरी गाडी येणार असेल तर काँक्रीटच. नेहमीच्या गाडीला १० सेंटिमीटर जाडी पुरते. त्याखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर जमिनीतली ओल वर येऊन हत्यारं गंजतात. दाराकडे मीटरला १ सेंटिमीटर उतार द्या आणि अडीच-तीन मीटरवर सांधे कापून घ्या. लिफ्ट बसवण्याचा विचार असेल तर काँक्रीट ओतण्याआधी तिची पुस्तिका हातात हवी, कारण नंतर जाडी वाढवायची म्हणजे फोडाफोडीच.

गाडीखाली उतरायचा खड्डा हा जुन्या गॅरेजचा थाट, पण मी तो करू देणार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात उतरून साचते, आणि तिथेच आपण दिवा घेऊन उतरतो.

वीज

गॅरेज सुटं असलं की आवाज, धूर आणि आगीचा धोका घरापासून लांब राहतो, पण वीज लांबून आणावी लागते. ३० मीटरवर अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीतून १५ अँपिअर ओढले तर सहा-सव्वासहा व्होल्ट वाटेतच जातात. ६ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर अडीच व्होल्टच्या आसपास. वायरीसाठी चर खणलाच आहात तर शेजारी एक रिकामा पाइपही टाका. दिवे आणि यंत्रं वेगवेगळ्या सर्किटवर ठेवा. करवतीने फ्यूज उडाला तर पातं फिरत असताना अंधार व्हायला नको.

नकाशा पक्का करण्याआधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीने भिंती, पल्ल्यांचे वळसे आणि टेबल आखा. त्यात गाडी उभी करा, तिची चारही दारं उघडा आणि हातात एखादी लांब फळी धरून तिच्याभोवती फेरी मारा. मी हे केलं तेव्हा फळी दोनदा गाडीला लागली आणि त्याच संध्याकाळी पडवी अर्धा मीटर रुंद केली.